नाताळसाठी एक एकटा माणूस पाहिजे

रविवार, १ डिसेंबर

आज नाताळपूर्वीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार. पाळकसाहेबांनी उपदेशात सांगितलं की यंदा नाताळला मंडळीतल्या प्रत्येक कुटुंबानं एका तरी एकट्या पडलेल्या माणसाला घरी जेवायला बोलवावं. जात, धर्म पाहू नये. उपदेश चांगला होता, फक्त त्यात अंमलबजावणीचा विचार नव्हता. जिल्हा परिषदेत चौतीस वर्षं काढल्यामुळे ही उणीव माझ्या लगेच लक्षात आली. उपासना संपल्यावर मी उभा राहिलो आणि सुचवलं की यासाठी समिती नेमावी. नेमली गेली. अध्यक्ष पाळकसाहेब. सचिव मी, शांतवन कसबे, निवृत्त कार्यालयीन अधीक्षक. सदस्य रत्नाकर साबळे. साबळेंना घ्यावं लागलं, कारण ते शेजारीच उभे होते.

घरी येऊन सिंधुला सगळं सविस्तर सांगितलं. ती म्हणाली, "एकटं माणूस शोधायला समिती कशाला लागते?"

पस्तीस वर्षांच्या संसारात तिला कामकाजाची पद्धत काही समजली नाही. म्हणून या मोहिमेची नोंद मीच या वहीत ठेवणार आहे. पुढच्या सचिवाला उपयोग होईल.

मंगळवार, ३ डिसेंबर

माहितीपत्रक तयार केलं. रकाने असे: एकट्या व्यक्तीचं नाव, वय, पत्ता, एकटेपणाचा प्रकार (पूर्ण किंवा अंशतः), एकटेपण केव्हापासून, कारण, शिफारस करणाऱ्याची सही. गंजगोलाईच्या बाजारातून पन्नास झेरॉक्स काढून आणल्या.

सिंधुनं एक कागद हातात घेतला आणि फार वेळ वाचत बसली. शुद्धलेखन तपासत असावी. शेवटी म्हणाली, "काय खातात ते विचारलं नाही तुम्ही."

मी म्हणालो, "तो रकाना मावला नाही."

तिनं तो कागद घडी करून कपाटात ठेवला. मोहिमेत तिचा रस वाढतो आहे.

शुक्रवार, ६ डिसेंबर

पहिली प्रत्यक्ष भेट. आमच्या गल्लीच्या तोंडाशी उमाबाई राहतात. नवरा वारून सहा वर्षं झाली, दोन्ही मुलं हैदराबादला. म्हणजे कागदावर पूर्ण एकट्या. सकाळी दहाला गेलो. दारात चपलांचे आठ जोड होते. आत बायकांची भिशी चालू होती. मला दाराशीच वेताच्या मोड्यावर बसवलं.

मी सांगितलं, "पंचवीस तारखेला तुम्ही आमच्याकडं जेवायला या. तुमचं एकटेपण आम्हाला वाटून घ्यायचं आहे."

उमाबाई म्हणाल्या, "पंचवीसला जमंना हो भाऊ. पंचवीसला आम्ही सगळ्या कपिलधारला दर्शनाला चाललाव. सव्वीसला भजन हाय. सत्तावीसला ह्या वर्षाराणीच्या नातवाचं बारसं." मग म्हणाल्या, "सिंधुताईला धाडता का आमच्यासंगं? गाडीत एक जागा हाय. लई दिसात त्या कुठं गेल्या न्हाईत."

मी सांगितलं की सिंधुला घरचा नाताळ असतो, तिला एकटेपणा वगैरे नाही. आतल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. एक पापड देण्यात आला.

घरी आल्यावर माहितीपत्रकावर शेरा मारला: लाभार्थी अपात्र.

रविवार, ८ डिसेंबर

चर्चच्या दारात पेटी ठेवली. ज्याला कोणी एकटं माणूस माहीत असेल त्यानं पत्रक भरून टाकायचं. फ्लेक्सही लागला. त्यावर पाळकसाहेबांचा फोटो मोठा, माझा मध्यम आणि साबळेंचा विनाकारण माझ्याएवढाच.

साबळेंनी आज जाहीर केलं की त्यांना तीन एकट्या व्यक्ती मिळाल्या. नीट परीक्षेच्या क्लासला आलेल्या, वसतिगृहात राहणाऱ्या तीन मुली. मंडळीनं टाळ्या वाजवल्या. माझ्या मते तिघी एकाच खोलीत राहत असतील तर त्यांना एकटं धरता येणार नाही. ही हरकत मी अध्यक्षांकडं तोंडी नोंदवली. ते म्हणाले, "कसबेसाहेब, जेवायलाच तर घालायचं आहे."

आता माझ्याकडं एकही माणूस नाही आणि सतरा दिवस उरले आहेत.

अवांतर: सिंधु रोज चार वाजता भाजीला जाते आणि पाचला परत येते. पिशवी बहुधा रिकामीच असते. लातूरच्या भाजीबाजाराची स्थिती फारच खालावली आहे.

बुधवार, ११ डिसेंबर

मिळाला.

सिंधुला सकाळी चहाच्या वेळी म्हणालो की या गावात आता चांगला एकटा माणूस राहिलाच नाही. ती कप विसळत होती. म्हणाली, "मागच्या बोळातले गुरुबसप्पा आहेत की. त्यांना विचारा."

हे गृहस्थ अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. गोलाईत त्यांचं कापडाचं दुकान होतं, ते आता मुलं चालवतात. मुलांनी औसा रोडला नवं तीन मजली घर बांधलं, म्हातारा जुन्या दोन खोल्यांत एकटाच. मी गेलो तेव्हा ओट्यावर शेंगा निवडत बसले होते. कपाळाला भस्म, गळ्यात लिंग.

मी पत्रक काढलं. "एकटेच असता?"

"हाव. एकटाच हाय की. त्याला काय झालं?"

"कारण काय लिहू?"

"लिवा, गुडघे."

"म्हणजे?"

"पोरानं तिसऱ्या मजल्यावर खोली दिलती. लई चांगली खोली. पर गुडघे चढंनात. खाली दुकानाचा माल ठेवत्यात. म्हून हितंच ऱ्हायलो. पोरं येत्यात ऐतवारी."

'गुडघे' हे कारण अहवालात शोभणार नाही, म्हणून 'कुटुंबाकडून उपेक्षा' असं लिहिलं. पंचवीसला जेवायला या म्हटल्यावर लगेच हो म्हणाले. "काय बी चालतंय मला. भाजी-भाकर असली तरी बास." साधी माणसं अशीच बोलतात. मी मनात दोन किलो मटण ठरवून टाकलं.

निघताना त्यांनी विचारलं, "तुमास्नी लेकरं किती?"

मी म्हणालो, उशीर होतोय.

अंजूचा विषय चार वर्षांपूर्वी बंद झालेला आहे, पण पुढच्या सचिवाचा गैरसमज होऊ नये म्हणून एवढंच लिहितो. आमची एकुलती एक मुलगी अंजू हिनं सोमेश नावाच्या लिंगायत मुलाशी नांदेडला नोंदणी पद्धतीनं लग्न केलं. मी त्या वेळी मंडळीचा सचिव होतो. ज्यानं मंडळीसमोर दुसऱ्यांच्या ठरलेल्या लग्नांच्या चिठ्ठ्या वाचून दाखवायच्या, त्याच्या मुलीनं असं करावं. त्याच आठवड्यात मी सांगितलं की या घरात तिचं नाव निघणार नाही. तेव्हापासून निघालेलं नाही. शिस्त पाळली की घरात शांतता राहते, हा माझा अनुभव आहे. आमच्या घरात फार शांतता आहे.

रविवार, १५ डिसेंबर

पेटी उघडली. सव्वीस पत्रकं निघाली. त्यांतली चार पाळकसाहेबांच्या नावानं होती, ती बाजूला ठेवली. एक साबळेंच्या सुनेनं सासूच्या नावानं भरलं होतं, ते मात्र मी नोंदवून घेतलं.

एका पत्रकाचा घोळ झाला. अक्षर सिंधुचं. 'एकट्या व्यक्तीचं नाव' या रकान्यात तिनं स्वतःचं नाव लिहिलं होतं: सिंधु शांतवन कसबे. वय सत्तावन्न. पत्ता आपलाच. प्रकार: पूर्ण. केव्हापासून: चार वर्षं. कारण हा रकाना मोकळा होता आणि शिफारस करणाऱ्याची सहीही नव्हती.

चुकून नावाच्या रकान्यात आपलं नाव घातलं असणार. बायकांना शिधापत्रिकेची सवय असते, नाव म्हटलं की स्वतःचं लिहितात. पण सचिवाच्याच घरचं पत्रक चुकीचं निघालं हे साबळेंना दिसलं असतं तर पंचाईत झाली असती. मी तिथंच व्हाइटनर लावून त्या जागी गुरुबसप्पांचं नाव घातलं.

संध्याकाळी सिंधुला म्हणालो, "तू पत्रक चुकवलं होतंस. मी दुरुस्त केलं."

तिनं विचारलं, "वाचलं का तुम्ही?"

"पूर्ण वाचलं. प्रत्येक रकाना."

ती उठून आत गेली. नंतर बराच वेळ शिलाई मशीनचा आवाज येत होता.

शुक्रवार, २० डिसेंबर

गच्चीवर तारा लावला. दिवा एका बाजूनं लागत नाही.

सिंधुनं यंदा करंज्या दुपटीनं केल्या. दोन मोठे डबे. मी म्हणालो, गुरुबसप्पा एकटेच येणार आहेत. ती म्हणाली, "लागतील."

ती एवढासा लाल झगा शिवते आहे, बाह्यांना पांढरी झालर. कोणाचा म्हणून विचारलं तर म्हणाली, "एका लेकराचा." मोहिमेत तिनं स्वतःहून बालकांचाही विचार केला याचं मला समाधान वाटलं. अहवालात एक ओळ घालीन. माप मात्र तिनं कोणाचंच घेतलेलं दिसलं नाही. सगळं अंदाजानं कापते आणि मध्येच थांबून झगा उजेडात धरून बघत बसते.

रविवार, २२ डिसेंबर

उपासनेत माझा सत्कार. शाल आणि नारळ. पाळकसाहेब म्हणाले की कसबेसाहेबांनी प्रेमालाही शिस्त लावली. हे वाक्य कौतुकाचं होतं असं मी धरून चालतो.

सिंधुला शाल दाखवली. ती म्हणाली, "छान आहे. मी बुधवारी उपासनेनंतर जाणार आहे."

मी म्हणालो, "जा की." कुठं ते विचारायचं राहिलं, कारण साबळेंचा फोन आला. त्यांच्या तीन मुलींपैकी एकीची आई आली आणि ती आता एकटी राहिली नाही. मला वाईट वाटल्याचं मी त्यांना कळवलं.

बुधवार, २५ डिसेंबर, नाताळ

आज बरंच लिहायचं आहे.

सकाळी सहालाच मटण आणलं, सिंधुनं निघण्याआधी ते शिजवून ठेवलं. साडेआठची उपासना दहाला सुटली. चर्चच्या फाटकात सगळे एकमेकांना सलाम करत होते. सिंधु नवं हिरवं लुगडं नेसली होती. तिच्या पायाशी एक बॅग आणि करंज्यांचे दोन डबे होते. ते घरून केव्हा आणले मला माहीत नाही. तिनं घराची किल्ली माझ्या हातात दिली.

"मी अंजूकडं चाललेय. साडेदहाची नांदेड गाडी आहे."

मी इकडंतिकडं बघितलं. साबळे तीन पावलांवर होते. मी हळू आवाजात म्हणालो, "आज? घरी पाहुणे येणार आहेत."

"पाहुणे तुमचे आहेत."

"बाकीचा स्वयंपाक?"

"गुरुबसप्पा मटण खात नाहीत. लिंगायत आहेत. तुम्हाला दिसलं नाही का त्यांच्या गळ्यात?" एवढं म्हणून तिनं रिक्षाला हात केला. रिक्षात बसल्यावर परत डोकं बाहेर काढून म्हणाली, "चहापत्ती निळ्या डब्यात आहे."

रागानं बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती रागात नव्हती.

गुरुबसप्पा बरोबर एकला आले. इस्त्रीचं धोतर, डोक्यावर टोपी, हातात गुळाची ढेप. मी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि आत जाऊन मटणाच्या पातेल्यावर परात झाकली. तरी वास येत होता. बाहेर येऊन सांगितलं की आमच्या मिसेसना अचानक महत्त्वाच्या कामानं जावं लागलं.

ते म्हणाले, "गेल्या का नांदेडला? बरं झालं."

मी विचारलं, "तुम्हाला कसं माहीत?"

"सांगतो. आदी भूक लागलीया. पीठ कुठं हाय?"

पीठ कुठं आहे ते मला माहीत नव्हतं. त्यांनीच शोधलं. बेसन, कांदा, मिरची, सगळं त्यांना दोन मिनिटांत सापडलं. पिठलं त्यांनी केलं, भाकरी त्यांनी थापल्या, मी ताटं घेतली. पाहुण्याला स्वयंपाक करायला लावणं बरं दिसत नाही, पण त्या वेळी दुसरा पर्याय नव्हता. त्यांच्या भाकऱ्या गोल येतात.

जेवायच्या आधी मी प्रार्थना केली. त्यांनीही डोळे मिटले आणि गळ्यातल्या लिंगाला हात लावला. मग मी मंडळीच्या ग्रुपवर टाकायला फोटो काढला. फोटोत पातेल्यावरची परात येत होती म्हणून दोनदा काढावा लागला.

जेवताना त्यांनी सांगितलं. सिंधु रोज चारला भाजीला जात नाही. ती त्यांच्या ओट्यावर जाऊन बसते आणि तिथून अंजूला व्हिडिओ कॉल करते. गेली अडीच वर्षं. अंजूला मुलगी झाली त्या आठवड्यापासून.

"नाव शिवानी हाय," गुरुबसप्पा म्हणाले. "आदी बाई एकट्याच बोलायच्या. मी आत जाऊन बसायचो, उगं कशाला म्हून. मंग त्या लेकरानंच इचारलं, ते आत कोन बसलंय. तवापासून मी बी बोलतो. आता मलाच आदी हाक मारतंय."

मी विचारलं की हे मला कोणी का सांगितलं नाही.

ते भाकरी मोडत होते. "तुमच्या घरात ते नाव काडायचं नव्हतं म्हनं."

मी त्यांना आणखी पिठलं वाढलं. त्यांना नको होतं.

चारला दहा मिनिटं असताना त्यांच्या फोनची घंटी वाजली. त्यांनी फोन तांब्याला टेकवून ठेवला. मी समोरून उठून दाराच्या बाजूला उभा राहिलो. लहान मुलीचा आवाज आला, "आबा, जेवलास?"

"जेवलो की. तू काय खाल्लीस?"

"करंजी. आबा, मला लाल झगा आला."

"दाव बरं. गोल फीर. हाव. लई झकास."

मग ते एकाएकी म्हणाले, "थांब, तुला एक मानूस दावतो." आणि मी नको नको म्हणेपर्यंत फोन माझ्याकडं वळवला.

झगा तिला बरोबर बसला होता. बाह्या किंचित लांब. ती माझ्याकडं बघत राहिली.

"हे कोण?"

"ह्यो तुझा आजा," गुरुबसप्पा म्हणाले.

ती म्हणाली, "नाही. आजा तू आहेस."

ते हसले, पण लगेच थांबले. मी काहीतरी बोलायला हवं होतं. मी विचारलं, "वय किती?" तिनं उत्तर दिलं की नाही ते कळलं नाही. नेटवर्क बरोबर नव्हतं आणि चष्म्याला पिठल्याची वाफ लागलेली होती.

गुरुबसप्पा पाचला गेले. जाताना भांडी घासून गेले.

गुरुवार, २६ डिसेंबर

मटण दोन वेळा खाल्लं. अजून आहे.

ग्रुपवर माझ्या फोटोला एकेचाळीस अंगठे आले. साबळेंच्या फोटोला छत्तीस. पाळकसाहेबांनी लिहिलं, "एका एकट्या जिवाला आधार." गुरुबसप्पांबद्दल असावं.

सकाळचा चहा केला. निळ्या डब्यात चहापत्ती होती, पण साखर कुठं ते तिनं सांगितलं नव्हतं.

आज दिवसभरात मी पाच वाक्यं बोललो. त्यांतली तीन दूधवाल्याशी. दुपारी चार वाजता खुर्चीतून उठलो, पायात चप्पल घातली आणि दारात उभा राहिलो. कुठं जायचं ते ठरत नव्हतं. पुन्हा येऊन बसलो. सिंधु या खोलीत रोज बसते. इथून समोरची भिंत दिसते आणि भिंतीवर काही नाही. पूर्वी तिथं अंजूचा दहावीच्या सत्काराचा फोटो होता. तो मीच काढायला लावला होता. खिळा तसाच आहे.

शुक्रवार, २७ डिसेंबर, नांदेड

सिंधुला आणायला जाणं आवश्यक होतं. एकतीसच्या रात्रीच्या उपासनेची तयारी आहे, चहा तिच्याकडं असतो. पण पत्ता माझ्याकडं नव्हता. सकाळी सातला गुरुबसप्पांकडं गेलो. त्यांनी आतून फराळाचा एक रिकामा डबा आणला. गेल्या दिवाळीला अंजूनं त्यांना चिवडा पाठवला होता, त्यावर कागद चिकटवलेला होता. तरोडा नाका, पाण्याच्या टाकीमागं. अंजूचं अक्षर अजून तसंच आहे, 'र' उलटा काढते.

मी पत्ता उतरवून घेऊ लागलो तर म्हणाले, "डबाच घेऊन जावा. रिकामा नगा देऊ तेवढं." आणि त्यात शेंगा भरून दिल्या.

गाडीला अहमदपूर, लोहा करत साडेतीन तास लागले. वाटेत मी काय बोलायचं त्याचे मुद्दे काढले. सहा मुद्दे झाले. लोह्याच्या पुढं खिडकीतून वारा आला आणि तो कागद मी धरून ठेवला नाही.

दार सोमेशनं उघडलं. तो नायगावला शाळेवर शिक्षक आहे, सुट्टी असल्यामुळं घरी होता. मी त्याला आधी एकदाच पाहिलं होतं, तेही पाठमोरं. त्यानं दार पूर्ण उघडलं. मग म्हणाला, "या की बाबा. ऊन लई हाय." माझ्या हातातला डबा घेऊन स्टुलावर ठेवला. वाकून पाया पडला. मी आशीर्वाद दिला की नाही ते आठवत नाही.

अंजू आतून आली. चार वर्षांत ती सिंधुसारखी दिसायला लागली आहे. तिनं मला बसा म्हटलं नाही. पदराला हात पुसत तिनं विचारलं, "बाबा, समितीकडून आलात का?"

मी म्हणालो, "नाही. एकटाच आलोय."

मी डोळे खाली घातले. मग तिनं खुर्ची पुढं सरकवली. "चहा घेता?"

"अर्धा."

"पूर्णच करते. लांबून आलात."

ती वळली, पण आत गेली नाही. कोपऱ्यात शिवानी उभी होती, लाल झग्यात, मला ओळखायचं की नाही याचा विचार करत. मी डब्यातली एक शेंग सोलून तिच्यापुढं धरली. तिनं ती घेतली आणि पुन्हा मागं सरकली. एवढं झालं.

त्याच वेळी आतल्या खोलीत कोणी बाई मोठ्यानं हसली. मनापासून, पार दम लागेपर्यंत, आणखी एक बाईही तिच्यासोबत हसत होती. माझ्यामुळं पाहुण्यांची अडचण होईल असं वाटून मी उठलो आणि अंजूला विचारलं, "आत कोण आलंय? कोण हसतंय एवढं?"

अंजू म्हणाली, "आई आहे बाबा."